मुशीपुढे बसलेले गिऱ्हाईक

गेल्या वर्षी दिवाळीच्या थोडे आधी एका तरुणाने मला एक छोटे काम दिले. करोलबागेच्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर त्याचे गलाईचे दुकान आहे. गाव विट्याजवळचे. त्याला हिंदीत आणि इंग्रजीत एक पत्रक हवे होते. मराठी मजकूर त्याने वहीच्या पानावर लिहून आणला होता: ‘आमच्याकडे जुने सोने-चांदी गाळून शुद्ध करून मिळेल. तीन पिढ्यांचा विश्वास. एकदा अवश्य भेट द्या.’

“ताई, नवी गिऱ्हाइकं पायजेत,” तो म्हणाला. “जुनी माणसं गेली. त्यांची पोरं आम्हाला वळखत न्हाईत.”

तीन ओळींचे काम. मी एरवी ते अर्ध्या तासात केले असते. पण दुसऱ्याच ओळीवर अडले. ‘तीन पिढ्यांचा विश्वास’ म्हणजे नेमका कोणाचा कोणावर? आणि पहिल्या ओळीतला ‘गलाई’ हा धंदा इंग्रजीत नेला की तेलाच्या कारखान्यासारखा मोठा वाटू लागतो. मी दोन दिवस मागून घेतले, आणि मग वैशालीहून मेट्रो पकडून त्याच्या दुकानात जाऊन बसू लागले. दोन दिवसांचे सहा आठवडे झाले. या लेखातले पुष्कळसे तिथे बसून कळले, उरलेले पुस्तकांतून.

आधी शब्द पाहू. मराठीत आपण धातू वितळवतो किंवा आटवतो. ‘गाळणे’ म्हटले की आपल्यापुढे चहाची गाळणी येते. हिंदीत मात्र ‘गलाना’ म्हणजे वितळवणे, आणि ‘गलाई’ म्हणजे वितळवण्याचे काम. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ, त्या कामाची मजुरी. शिलाई, धुलाई, रंगाई हे सगळे शब्द याच घडणीचे: काम आणि कामाचा मोबदला एकाच शब्दात. सांगलीच्या पूर्व भागातली माणसे देशभर पांगली, तेव्हा हा शब्द त्यांच्या धंद्याला चिकटला आणि गावी परत आला. आज खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या तालुक्यांत ‘गलाईवाला’ म्हणजे काय, हे कोणाला समजवावे लागत नाही. मुलीच्या स्थळाच्या बोलण्यात “मुलगा गलाईला आहे, दिल्लीला” हे वाक्य सहज येते. पुण्यातल्या माझ्या नातेवाइकांना मात्र मी दोनदा समजावले, तरी ते ‘कल्हई’च ऐकत होते.

दिल्लीत मराठी माणसाने धातू वितळवल्याची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट वेगळीच आहे. १७६०च्या ऑगस्टमध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली. फौज मोठी, खजिना रिकामा. तेव्हा लाल किल्ल्यातल्या दिवाण-इ-खासच्या छताचे रुपे काढून त्याची नाणी पाडली गेली. सुमारे ९ लाख रुपये निघाले असे इतिहासग्रंथ सांगतात. पुढच्या जानेवारीत पानिपत झाले. त्या छताची हकीकत दिल्लीचे गाइड अजून सांगतात, आणि मराठी पर्यटक जरा अवघडून वर बघतात.

लाल किल्ल्यासमोरच चांदनी चौक आहे. जहांआरा बेगमने १६५० साली वसवलेला. त्यातल्या दरीबा कलानमध्ये दागिन्यांची दुकाने, आणि कूचा महाजनीत सोन्याचांदीचा घाऊक बाजार. जिथे मराठ्यांनी एकदा तलवारीच्या जोरावर चांदी वितळवली, तिथून हाकेच्या अंतरावर दोनशे वर्षांनी मराठी माणसे लोकांची चांदी मजुरीवर वितळवून परत देऊ लागली. या दोन गोष्टींत वंशाचा किंवा परंपरेचा काही धागा नाही, तो जोडण्याचा मोह मी टाळते. पण फरक ध्यानात ठेवण्यासारखा आहे. पहिल्याला गिऱ्हाईक लागले नाही. दुसऱ्याचा सगळा धंदाच गिऱ्हाइकावर.

हे कामही मराठी माणसाने दिल्लीत आणलेले नाही. ‘आइन-इ-अकबरी’त अबुल फजलने टाकसाळीतली कामे एकेक करून सांगितली आहेत. सोन्याचे पातळ पत्रे करून, त्यांवर क्षार आणि विटांच्या भुकटीचा लेप देऊन, शेणीच्या आगीत तापवून खोट काढण्याची ‘सलोनी’ रीत त्यात आहे. ठरलेल्या कसाच्या सुयांशी ताडून सोने पारखण्याची ‘बनवारी’ आहे. आणि टाकसाळीचा केर धुऊन त्यातले कण काढणारा खाकशोयही आहे. उत्तरेत त्यालाच न्यारिया म्हणतात, धातू ‘न्यारा’ म्हणजे वेगळा करणारा. आपल्याकडे त्याला झारेकरी हा शब्द आहे. म्हणजे दिल्लीत हे काम जाणणारी माणसे साडेचारशे वर्षांपूर्वीही होती. मग सातशे कोसांवरून आलेल्या, हिंदी धड न येणाऱ्या माणसाला सराफाने आपले सोने का द्यावे? मला खरे कुतूहल होते ते याचे.

ते आले का, याचे उत्तर सोपे आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा मुलूख. व्यंकटेश माडगूळकरांचे माडगुळे आटपाडी तालुक्यातले, आणि त्यांची ‘बनगरवाडी’ (१९५५) संपते ती दुष्काळाने गाव ओस पडण्यावर. साहित्याच्या वर्गात आम्ही त्या शेवटाला कादंबरीचा शेवट म्हणून वाचले. माणसे गाव सोडून कुठे गेली, असे आम्ही विचारले नाही. काही मुंबईच्या गिरण्यांत गेली, काही हमाली करायला, आणि काही केरळपासून पंजाबपर्यंत सराफ बाजारांत मुशी घेऊन बसली. हे स्थलांतर विसाव्या शतकात हळूहळू वाढले. १९७२च्या दुष्काळाने ही वाट रुंद केली, असे घरोघरी सांगतात. करोलबागेतल्या त्या तरुणाचे आजोबा त्याच्या आधी आले होते, चुलते दुष्काळात.

आता कामाकडे वळते, कारण गिऱ्हाइकाचा प्रश्न कामातच दडलेला आहे.

सराफाकडे मोडीचे सोने येते: झिजलेल्या पाटल्या, तुटलेली साखळी, कोणाच्या आजीची बोरमाळ. त्यात तांबे असते, चांदी असते, सांधे जोडायला वापरलेली झाळण असते. हे सगळे मुशीत घालून, टाकणखार टाकून भट्टीत वितळवायचे. सोने १०६४ अंशांवर वितळते. मग त्यात सोन्याच्या साधारण तिप्पट चांदी मिसळायची. हे मला पहिल्यांदा उलटेच वाटले. खोट काढायची तर वाढवायची कशाला? पण सोन्याचे प्रमाण जास्त असेल तर तेजाब आतल्या चांदीपर्यंत पोचत नाही. सोने चौथा हिस्सा उरले की तेजाब चांदी आणि तांबे विरघळवून नेते, पिवळसर तांबडा धूर निघतो, आणि भांड्याच्या तळाशी सोने राहते. ते सोन्यासारखे मुळीच दिसत नाही. मातकट, तपकिरी गाळ. तो अनेक पाण्यांनी धुऊन पुन्हा वितळवला की मग लगड पिवळी होते. तेजाबात गेलेली चांदी तांब्याचे पत्रे टाकून परत मिळवतात.

गिऱ्हाइकाच्या जागी बसून हे बघा. तुम्ही आणलेला दागिना आधी ओळखू न येणारा गोळा होतो. मग त्यात दुसऱ्याची चांदी मिसळली जाते. मग तो चिखल होतो. शेवटी हातात येते ती लगड तुमच्याच दागिन्याची, हे सांगायला गलाईवाल्याच्या शब्दाखेरीज काही नसते. शंभर ग्रॅम २२ कॅरेट सोन्यात शुद्ध सोने ९१.६ ग्रॅम निघायला हवे. समजा ८८च निघाले. उरलेले ३.६ ग्रॅम मुळातच नव्हते, झाळणीत होते, की कोणाच्या खिशात गेले? १० ग्रॅमला एक लाखाचा भाव धरला तर प्रश्न ३६ हजारांचा आहे.

मोरोक्कोतल्या सफ्रू गावाच्या बाजारावर क्लिफर्ड गीर्ट्झ या मानववंशशास्त्रज्ञाने १९७८ साली एक निबंध लिहिला. बाजारात माल भरपूर असतो, कमी असते ती मालाविषयीची खात्रीची माहिती, असा त्याचा मुद्दा. म्हणून माणूस रोज नव्या दुकानात जात नाही. एकाच दुकानदाराशी नाते धरून ठेवतो, त्याच्याशीच घासाघीस करतो. गलाईत ही माहितीची टंचाई टोकाला जाते. इथे नवे गिऱ्हाईक मिळवणे म्हणजे आपली दगाबाजी पकडता येणार नाही अशा जागी बसून, ती आपण करणार नाही हे पटवणे.

त्या तरुणाच्या चुलत्यांना, म्हणजे दुकानातल्या सगळ्यांच्या ‘तात्यां’ना, मी विचारले, “तात्या, तुम्ही पहिलं गिऱ्हाईक कसं मिळवलंत?”

“मिळवलं न्हाई,” ते म्हणाले. “दिलं.”

मग त्यांनी सांगितले ते असे. पोरगा गावाहून आला की आधी नात्यातल्या कोणाच्या दुकानात काही वर्षे राबायचा. झाडलोट, स्वयंपाक, मग भट्टी, मग तेजाब, सर्वांत शेवटी टंच काढणे. दुकानातच झोपायचा. सराफांकडे माल पोचवायला त्यालाच पाठवायचे, म्हणजे तोंडओळख व्हायची. तो तयार झाला की मालक आपल्याच एखाद्या सराफाकडे त्याला घेऊन जायचा आणि म्हणायचा, “हा आमचा. ह्याचं काही कमी-जास्त झालं तर मी भरीन.” हे पहिले गिऱ्हाईक. त्या मोबदल्यात पोराने त्याच गल्लीत दुकान टाकायचे नाही. एखादा दुसऱ्या बाजारात जायचा, एखादा दुसऱ्या गावाला. आज नकाशावर हा धंदा इतका विखुरलेला दिसतो, त्याचे एक कारण या न लिहिलेल्या नियमात असावे.

दुसरे गिऱ्हाईक मात्र स्वतः मिळवायचे. त्याचीही रीत होती. पहिले काम लहान घ्यायचे. मूस चढवण्याआधी घट किती येईल याचा अंदाज सांगून टाकायचा, नंतर नाही. आणि गिऱ्हाइकाला भट्टीसमोर बसवायचे. “उठून जाऊ द्यायचं न्हाई,” तात्या म्हणाले. “च्या पाजायचा, पण उठू द्यायचं न्हाई. जो एकदा शेवटपर्यंत बसला, तो दुसऱ्या टायमाला बसत न्हाई. माल पाठवून देतो.”

हे वाक्य मी वहीत लिहून घेतले. गिऱ्हाईक बसायचे थांबले की पक्के झाले.

करोलबागेत बीडनपुरा आणि रैगरपुऱ्याच्या गल्ल्यांत बंगाली कारागीर दागिने घडवतात. दागिना घडवणारा बंगाली, विकणारा बहुधा पंजाबी किंवा बनिया, सोने गाळणारा मराठी. प्रत्येकाची भाषा वेगळी, आणि टंच, घट, मजुरी हे शब्द मात्र सगळ्यांचे सारखे. तुलनात्मक साहित्याच्या वर्गात आम्हाला भाषांच्या सीमेवरच्या संपर्काबद्दल बरेच शिकवले गेले होते. ती सीमा तीन फुटांच्या जिन्यावर असते, हे मला इथे दिसले.

सरकारनेही या धंद्याचे गिऱ्हाईक वेळोवेळी बदलले. चीन युद्धानंतर, जानेवारी १९६३मध्ये मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले. नवे दागिने १४ कॅरेटच्या वर घडवायला मनाई झाली. १९६८ला त्याचा कायदा झाला. सामान्य माणसाला सोन्याच्या लगडी बाळगायला बंदी होती, दागिन्यांना नव्हती. कायदा १९९० साली रद्द झाला. या काळाबद्दल तात्या फार बोलत नाहीत. एवढेच म्हणतात की बाजार तेव्हा कुजबुजत चालायचा. मग नोव्हेंबर २०१६ला नोटाबंदी, जुलै २०१७ला जीएसटी, मार्च २०२०ला टाळेबंदी. प्रत्येक वेळी काही सराफ बंद झाले आणि त्यांच्याबरोबर काही गलाईवाले.

सर्वांत मोठा बदल शांतपणे आला. १६ जून २०२१पासून देशातल्या २५६ जिल्ह्यांत हॉलमार्क सक्तीचा झाला, आणि १ एप्रिल २०२३पासून विकल्या जाणाऱ्या दागिन्यावर सहा अंकाक्षरांचा ओळख क्रमांक आला. ‘हॉलमार्क’ हा शब्द लंडनचा. इंग्लंडच्या राजाने १३०० साली चांदीच्या कसाचा कायदा केला आणि १४७८पासून कारागिरांना आपला माल पारखायला आणि शिक्का मारून घ्यायला गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये आणावा लागू लागला. त्या हॉलचा शिक्का तो हॉलमार्क. म्हणजे माणसाच्या शब्दाची जागा इमारतीच्या शिक्क्याने घ्यायची, ही कल्पना पाचशे वर्षांची आहे. गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहिले तर ती चांगलीच आहे. माझ्या आईची २२ कॅरेटची म्हणून घेतलेली पाटली मोडताना १९ची निघाली होती. तेव्हा शिक्का असता तर बरे झाले असते.

आता नोएडा-गुरुग्रामच्या मॉलमधल्या दुकानात काउंटरवर क्ष-किरणांचे मशीन असते. दागिना ठेवला की मिनिटभरात आकडा येतो. दुकान साखळीचे असेल तर मोडीचे सोने थेट मोठ्या शुद्धीकरण कारखान्याकडे जाते. तात्यांचे म्हणणे, मशीन वरचाच थर वाचते, आतले खरे आग सांगते. ते बरोबर आहे. हॉलमार्क केंद्रांतही वादाच्या वेळी निवाडा भट्टीतल्या परीक्षेचाच असतो. पण तेवढ्याने सराफाचा मुलगा जिना चढून वर येत नाही. त्याला आकडा खाली, काउंटरवर मिळाला आहे.

म्हणून पत्रक. मला वाटू लागले होते की आता हे पत्रक आपल्याला चांगले जमेल. मी एक झकास मसुदा केला. भट्टी, तीन पिढ्या, चांदनी चौक, सगळे घातले. तात्यांनी तो नातवाच्या वयाच्या पुतण्याकडून मोठ्याने वाचून घेतला आणि विचारले, “हे वाचून कोण येणार?”

“ज्याला गरज असेल तो,” मी म्हणाले.

“गरज कोणाला असते, सांगा की.”

मला उत्तर सुचले नाही. मग त्यांनीच सांगितले. दागिना वितळला की त्याची ओळख संपते. ज्याला ओळख संपवायची घाई आहे, त्याला गलाईवाल्याची सर्वांत जास्त गरज. चोरीचा माल गाळला, मग तो नकळत का असेना, की पोलीस जिना चढतात. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा गुन्हा. पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम ४११, आता न्याय संहितेचे ३१७. जाणून घेतला की नकळत, हे ठरेपर्यंत दुकान बंद, माणूस ठाण्यात, आणि गावी बातमी. तात्यांच्या ओळखीच्या एका कुटुंबाने असेच दिल्ली सोडली. रस्त्यावरून आलेल्या अनोळखी गिऱ्हाइकाला त्यांनी चाळीस वर्षांत कधी मूस दिली नव्हती. आणि मी त्याच माणसाला ‘एकदा अवश्य भेट द्या’ असे दोन भाषांत छापून बोलावत होते.

ओळखीने गिऱ्हाईक घ्यायचे, हा मला तोवर जुन्या माणसांचा संकोच वाटत होता. तो धंद्याचा कुंपणाचा भाग होता. सराफाची शिफारस गलाईवाल्याला गिऱ्हाईक देत होती, तशी गिऱ्हाइकाचीही हमी गलाईवाल्याला देत होती. पत्रक यातले पहिले काम करते, दुसरे करू शकत नाही.

पण तरुणाचा प्रश्न तरीही खराच होता. हमी देणारी पिढी गेली असेल, तर ती कोणाकडून आणायची? तात्यांकडे याचे उत्तर नव्हते आणि तसे ते म्हणालेही. त्या संध्याकाळी काका-पुतण्यात बरीच वादावादी झाली. “तुमच्या टायमाला तुम्हाला कुणीतरी हात धरून न्हेलं. मला कोण नेणार?” पोरगा म्हणाला. तात्या बराच वेळ मूस साफ करत राहिले.

मला माझाच धंदा आठवत होता. अनुवादाचे गिऱ्हाईकही मुशीपुढे बसलेलेच असते. त्याने दिलेला मजकूर माझ्या हातात वितळतो आणि त्याला वाचता न येणाऱ्या भाषेत परत जातो. किती घट आली, हे त्याला कळायचा मार्ग नाही. पूर्वी एका प्रकाशकाकडून दुसऱ्याकडे माझे नाव जायचे. आता गिऱ्हाईक आधी मशीनवर आकडा काढते आणि मला म्हणते, “फक्त एकदा नजर टाका.” नजर टाकण्याची मजुरी वेगळी, आणि फारच कमी. मीही गेल्या दोन वर्षांत ओळख नसलेल्या कितीतरी ठिकाणी पत्रे पाठवली आहेत. बहुतेकांची उत्तरे आली नाहीत.

शेवटी पत्रक झाले ते असे. ‘गलाई’ हा शब्द तसाच ठेवला. दिल्लीच्या सराफाला तो कळतो, आणि ज्याला कळत नाही त्याच्यासाठी हे पत्रकच नाही. तीन पिढ्या काढून टाकल्या. पहिली ओळ: काम फक्त नोंदणीकृत सराफ व कारागिरांचे, बिल आणि ओळखपत्राशिवाय माल घेतला जाणार नाही. दुसरी: घटीचा अंदाज आधी सांगितला जाईल. तिसरी: काम तुमच्यासमोर होईल, शेवटपर्यंत बसावे. चौथी: शुद्ध लगडीचा टंच तुम्ही निवडाल त्या केंद्रातून तपासून घ्या, न जुळल्यास फरक आम्ही भरू. खाली मजुरीचा दर. तात्यांची सगळी रीत, फक्त लिहून काढलेली. चौथी ओळ पोराची. तीवर तात्यांनी दोन दिवस काढले आणि मग म्हणाले, “भरायची वेळ येणार न्हाई. लिही.”

दोनशे प्रती काढल्या. वाटल्या नाहीत. नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राममधल्या लहान, एकट्या सराफांची यादी करून पोरगा एकेका दुकानात स्वतः गेला. पहिल्या आठवड्यात तात्याही बरोबर गेले, गुडघे दुखत असताना. दुकानदाराला पत्रक पुतण्याने द्यायचे आणि तात्यांनी फक्त एक वाक्य बोलायचे, असे ठरले होते. ते वाक्य मला विचारावे लागले नाही.

मी शेवटची गेले तेव्हा इंदिरापुरमहून आलेला एक सराफ भट्टीसमोरच्या स्टुलावर बसला होता. तिशीचा असेल. मोबाइल खिशात ठेवून तो भांड्यातल्या तपकिरी गाळाकडे बघत होता. पोरगा त्याला काय चालले आहे ते हिंदीत सांगत होता, आणि तात्या मागे खुर्चीवर गप्प होते. चहा आला.

माझे पैसे त्याने त्याच दिवशी दिले. जिना उतरताना खालच्या मजल्यावरच्या बंगाली कारागिराने मला हटकले. त्याला गावाकडच्या जमिनीचे कागद हिंदीत करून हवे होते. “ऊपरवालों ने बताया,” तो म्हणाला. बांगला मी वाचते. कागद तिथेच उघडून, त्याच्यासमोर बसून, कुठे काय लिहिले आहे ते आधी सगळे वाचून दाखवले.